राउटरला दार उघडायला लावणे

घरातला राउटर आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही आणि बाहेरून आत येणाऱ्याला ओळख दाखवत नाही. चंदगडात बसून कोणी न्यूयॉर्कचे हवामान पाहिले तर त्याची हरकत नसते. पण पुण्याला असलेल्या घरच्याच मुलाने चंदगडच्या संगणकाला हाक मारून पाहिली, तर हा डबा त्याचे नाव-गावही विचारत नाही. नकारही देत नाही. नुसता गप्प राहतो. दूरवरून घरचा संगणक चालवण्याची सगळी विद्या या गप्प बसणाऱ्याला बोलते करण्याची आहे. काम दहा मिनिटांचे आहे, असे ते कधी न केलेले लोक सांगतात.

चंदगडात ही विद्या कोणाला लागते, ते आधी पाहिलेले बरे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला सिंधुदुर्ग. जिल्ह्याचे ठिकाण शंभरावर किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ, त्यामुळे सरकारी कागद कोल्हापूरला आणि लग्नाचा बस्ता बेळगावला, अशी जुनी वाटणी आहे. तालुक्यात काजू पिकतो आणि काजू बीवर प्रक्रिया करणारे छोटे कारखाने आहेत. बी उकडायची, फोडायची, गर सोलायचा आणि मग डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, तुकडा अशी प्रतवारी लावायची. कारखान्याच्या कोपऱ्यात एका टेबलावर संगणक असतो, संगणकात टॅली असते, आणि टॅलीत काय आहे हे ज्याला कळते तो घरातला एकुलता एक माणूस हिंजवडीला नोकरीला असतो. १ जुलै २०१७ पासून देशात जीएसटी लागू झाला आणि महिन्याच्या २० तारखेला पूर्वी नव्हते ते महत्त्व आले, कारण मासिक विवरणपत्राची ती मुदत असते. १९ तारखेच्या रात्री पुणे आणि चंदगड यांच्यात फोनवर जे बोलणे होते, त्यातून या लेखाच्या विषयाची गरज निर्माण झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गंगा उलटी वाहिली. मुले लॅपटॉप घेऊन गावी आली, कचेरीचा संगणक पुण्यात राहिला आणि तो चालवणारी बोटे चंदगडात. तत्त्व तेच. फरक इतकाच की तेव्हा पलीकडचे दार उघडायला कंपनीचा पगारी माणूस होता. घरच्या प्रकरणात बाबा असतात.

दार का बंद असते, याचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. १९८१ च्या सप्टेंबरात ज्या नियमावलीने हा पत्ता ठरवला, तिने त्याला ३२ बिटांची जागा दिली, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्या वेळी साऱ्या जाळ्यात दोन-तीनशे संगणक होते, त्यामुळे हे पत्ते संपतील असे म्हणणारा माणूस वेडा ठरला असता. दहा-बारा वर्षांतच ते संपण्याची चिन्हे दिसू लागली. मे १९९४ मध्ये इगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक युक्ती कागदावर मांडली: घराला किंवा कचेरीला बाहेरचा पत्ता एकच द्यावा आणि आतल्या यंत्रांनी आपापसात खासगी पत्ते वापरावेत. हीच एनएटी. हा उपाय तात्पुरता आहे, असे त्यांनी त्या कागदातच स्पष्ट केले होते. आपल्याकडच्या तात्पुरत्या पुलांवरून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना पुढची हकिकत सांगायला नको. तीस वर्षे होऊन गेली. जगातली बहुतेक घरे अजून याच उपायावर चालतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले गेले. त्यांतला १९२.१६८ ने सुरू होणारा पट्टा घरोघरी गेला. चंदगडच्या बाजारपेठेतला राउटर आणि शिकागोतला राउटर दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात.

ही व्यवस्था चंदगडच्या जुन्या पिढीला समजावून सांगायला अवघड जात नाही, कारण ती त्यांनी मुंबईत जगून पाहिली आहे. या भागातले गिरणीकामगार गिरणगावात गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत पाळ्यापाळ्याने राहत. माणसे वीस-पंचवीस, पत्ता एक. खोलीतून कोणी गावी पत्र टाकले की उत्तर कोणाचे येणार हे खोली सांभाळणाऱ्याला माहीत असे आणि ते बरोबर त्या माणसाच्या पथारीवर पडे. पण कोणा अनोळख्याने पाकिटावर नुसता खोलीचा नंबर घालून पत्र धाडले, तर ते वीस-पंचवीस जणांतल्या कोणाला द्यायचे? राउटरही आतून गेलेल्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो, तिचे उत्तर ज्याचे त्याला देतो आणि नोंदीत नसलेले टाकून देतो. बाहेरून येणाऱ्याला आत पोचायचे असेल तर खोली सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे लागते: अमुक खूण असलेले पत्र आले, तर ते कोपऱ्यातल्या गड्याला द्यायचे. ती खूण म्हणजे पोर्ट, आणि या सांगून ठेवण्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. बाकीचा सारा खटाटोप हे वाक्य राउटरच्या कानात घालण्यापुरता आहे.

कानापर्यंत पोचायला राउटरच्या आत शिरावे लागते. घरच्याच जाळ्यात असलेल्या संगणकावर ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता टाकला की नाव आणि पासवर्ड विचारणारे पान येते. दोन्ही गोष्टी राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर छापलेल्या असतात. राउटर कुठे असतो हा पुढचा प्रश्न. तंत्राच्या पुस्तकात तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या हवेत ठेवावा असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात फायबरची तार ज्या खिडकीतून आत आली, त्या खिडकीपाशी तो कायमचा राहतो. बहुधा टीव्हीच्या मागे, कधी देवघराच्या शेजारी. त्यावर विणलेला रुमाल असतो, पावसाळ्यात दमट हवेपासून जपण्यासाठी वरून प्लास्टिकची पिशवीही चढते, आणि मग तो इतका तापतो का, याची घरात चर्चा होते. चंदगडकडच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या हात-दीड हात जाड. शिवकाळात त्या तोफेसाठी पुरेशा ठरल्या असत्या. वायफायसाठी तर त्या फारच झाल्या. म्हणून ज्या संगणकाला दूरवरून चालवायचे आहे, तो राउटरला वायफायने न जोडता तारेने जोडावा, हा पहिला शहाणपणा. भिंतीला भोक पाडायचे की दाराच्या फटीतून तार न्यायची, हा निर्णय मात्र घरातल्या बायकांचा असतो आणि तो बदलत नाही.

आता आतला पत्ता पक्का करायचा. राउटर आतल्या यंत्रांना पत्ते वाटतो ते ठरावीक मुदतीने. आज जो पत्ता संगणकाला मिळाला, तो उद्या पाहुण्याच्या मोबाईलला जाऊ शकतो. मग खोली सांभाळणारा प्रामाणिकपणे टॅलीचे पत्र पाहुण्याच्या पथारीवर टाकतो. हे टळावे म्हणून राउटरमध्ये संगणकाच्या नावाने एक पत्ता राखून ठेवता येतो. त्यासाठी संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा जन्मक्रमांक लागतो, ज्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. त्यात बारा चिन्हे असतात: शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. मुलगा समोर बसलेला असला तर हे पाहून टाकायला अर्धे मिनिट लागते. तो पुण्यात असला आणि बाबा चंदगडहून फोनवर वाचून दाखवत असले, तर प्रकरणाला साहित्यमूल्य येते.

बी, डी आणि ई ही अक्षरे फोनवर एकसारखी ऐकू येतात, म्हणून प्रत्येकाला एक गाव जोडण्याची पद्धत आहे. ए म्हणजे आजरा, बी म्हणजे बेळगाव, डी म्हणजे दोडामार्ग, इथवर सुरळीत चालते. सी म्हणजे चंदगड, हे तर अभिमानाने सांगितले जाते. ई ला गाव चटकन सापडत नाही, म्हणून बाबा तालुक्यातलेच इब्राहिमपूर सांगतात आणि पलीकडे आय लिहिले जाते. या बारा चिन्हांत आय कधी नसतोच, हे लक्षात यायला पुढचा अर्धा तास जातो. एफ साठी फाटकवाडी निघते. मग फाटकवाडी इंग्रजीत पी ने लिहितात की एफ ने, यावर घरात दोन तट पडतात आणि धरणाच्या पाटीवर काय लिहिले आहे ते कोणीतरी उद्या पाहून येईल असे ठरते. बारा चिन्हांचा क्रमांक अशा रीतीने दोन दिवसांत पूर्ण होतो.

पत्ता राखून झाला की पोर्ट फॉरवर्डिंगचे पान. ते कुठे सापडेल हे राउटर बनवणाऱ्यावर अवलंबून असते. कोणी त्याला व्हर्चुअल सर्व्हर म्हणतो, कोणी एनएटीच्या पोटात ठेवतो, कोणी अ‍ॅप्लिकेशन नावाच्या दालनात. पान सापडल्यावर भरायचे ते थोडेच: बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतला पत्ता. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट ३३८९, लिनक्सवाल्यांच्या एसएसएचचा २२, व्हीएनसीचा ५९००. एकूण पोर्ट ६५,५३५ असतात. त्यांतला एक उघडायला इतका वेळ लागला, हे चांगलेच झाले असे पुढे सुरक्षिततेच्या भागात दिसेल. बदल करून सेव्ह दाबले की काही राउटर स्वतः बंद होऊन चालू होतात, घरातला टीव्ही थांबतो आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते.

इतके करून बाहेरून पाहावे, तर दार बंदच. इथे या विद्येतला सर्वांत मोठा चटका बसतो.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मुख्य कोठारातले पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलात आशिया-प्रशांत विभागाचा साठाही जवळजवळ आटला. भारतात घराघरांत इंटरनेट पोचले ते मुख्यतः यानंतर. सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे गिऱ्हाइके लाखांनी आणि पत्ते मोजके. त्यांनी १९९४ चीच युक्ती एक मजला वर नेली: खोलीला स्वतंत्र पत्ता न देता साऱ्या चाळीला मिळून एकच पत्ता. यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ असा वेगळा पट्टाही राखला गेला. घरच्या राउटरने दार सताड उघडले तरी बाहेरचा माणूस चाळीच्या फाटकापाशीच अडतो, आणि फाटकाची किल्ली कंपनीच्या दूरच्या खोलीत असते. आपण या चाळीत आहोत का, हे ओळखायचा सोपा मार्ग असा: राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या नावाखाली जो पत्ता दिसतो तो एका बाजूला लिहावा; मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी पत्ता काय’ असे शोधून येणारा पत्ता दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळले तर नशीब. पहिला १० किंवा १००.६४ च्या आसपास सुरू होत असेल, तर आतापर्यंत केलेल्या सर्व कामाचा उपयोग राउटर ओळखीचा झाला इतकाच.

याशिवाय एक घरगुती प्रकार असतो. कंपनीने दिलेला फायबरचा डबा हा स्वतःच राउटर असतो. त्याला कोणीतरी बेळगावहून आणलेला दुसरा, चार शिंगांचा राउटर जोडलेला असतो. मग घरातच दोन दारे होतात, आणि उघडलेले असते ते आतले.

चाळीतून बाहेर पडायचे तर कंपनीकडून पक्का स्वतंत्र पत्ता विकत घ्यावा लागतो, ज्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. त्यासाठी मदत केंद्राला फोन करावा. मदत केंद्रातला माणूस आधी राउटर बंद करून चालू करायला सांगतो. ते झाले की कोणता दिवा लाल आहे ते विचारतो. दिव्यांचा विषय संपल्यावर स्टॅटिक आयपी हा शब्द ऐकून तो फोन वरच्या साहेबांकडे देतो, आणि वरचे साहेब आधी राउटर बंद करून चालू करायला सांगतात. गावातला फायबरवाला यापेक्षा बरा. त्याला बिंदूंचे आकडे कळोत न कळोत, तो घर ओळखतो, आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून येऊन जातो.

पक्का पत्ता न घेता नुसता बदलता पण स्वतंत्र पत्ता मिळाला, तरी काम भागते. राउटर दर वेळी चालू झाला की हा पत्ता बदलू शकतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस नावाची सोय आहे: घराला एक कायमचे नाव द्यायचे आणि पत्ता बदलला की राउटरने तो त्या नावाच्या नोंदवहीत कळवायचा. पुण्यात किंवा बंगळुरात ही सोय महिन्यातून एखाद-दोनदा कामी येते. चंदगडात ती दिवसभर राबते, कारण इथे राउटर केव्हा चालू व्हायचा हे पाऊस ठरवतो. महाराष्ट्रातल्या अतिपावसाच्या ठिकाणांत गणली जाणारी आंबोली हाकेच्या अंतरावर; तिथला पाऊस हद्दीपाशी थांबत नाही. जून ते सप्टेंबर या काळात वीज जाते, येते, अर्धवट येते, पुन्हा जाते. फायबरची तार विजेच्या खांबावरून आणि मध्येच एखाद्या आंब्या-फणसाच्या फांदीवरून गेलेली असते. झाड पडले की तार तुटते. या तालुक्यात गवे आहेत आणि रानहत्तीही येऊन जातात, पण तार तोडण्याच्या कामी त्यांची वेळ येत नाही. जेसीबी आधी पोचलेला असतो.

त्यामुळे इथे विजेची बाजू सांभाळणे हा जोडणीचाच भाग मानावा. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. एकच घेतला जातो, आणि दुसरा अंधारात असताना पहिल्याचे दिवे जोमाने लुकलुकत राहतात. संगणकाला यूपीएस लावावा, त्याच्या बायोसमध्ये जाऊन वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची खूण करावी, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’ अशी ठेवावी. तरीही संगणक झोपलाच, तर त्याला दुरून उठवायची एक तरतूद आहे: वेक ऑन लॅन. तिच्यातला संदेश १०२ बाइटांचा असतो. सुरुवातीला २५५ हा आकडा सहा वेळा, मग त्या संगणकाचा मॅक अ‍ॅड्रेस सोळा वेळा. नाव घेऊन सोळा वेळा हाक मारल्याशिवाय उठायचे नाही, हा नियम ज्याने केला त्याच्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा असावा. ही हाक घरातल्या घरात छान ऐकू जाते. इंटरनेटवरून मारली तर राउटर झोपलेल्या संगणकाला बराच वेळ न पाहिल्यामुळे विसरलेला असतो, आणि हाक दारातच विरते. खात्रीचा उपाय जुनाच आहे. आईला फोन करावा आणि बटण दाबायला सांगावे. आईचे उत्तर येते, “लाइट गेल्या.”

विंडोजच्या बाजूने एक अट आहे, आणि ती सगळे झाल्यावर कळते. स्वस्त लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती असते. ती बाहेर जाऊन दुसऱ्याचा संगणक चालवू शकते, स्वतःला मात्र दुसऱ्याच्या रिमोट डेस्कटॉपच्या हाती देत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. म्हणजे घराला होम चालत नाही.

सारे जमल्यावरही एक छोटे भोक शिल्लक असते. ते राउटरच्या मागे असते आणि त्यावर रिसेट लिहिलेले असते. नेट हळू चालते म्हणून कोणी तरी “बंद करून चालू कर” असे सुचवतो. बंद-चालूचे बटण सापडत नाही, हे भोक सापडते. बटण इतके आत का दिले असावे, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. येतो तो ते दाबायचे कशाने हा. काजूच्या पोत्याला टाके घालायची दाभण हाताशीच असते. दहा सेकंद दाबून धरले की सगळे दिवे एकदम पेटतात, आणि पेटवणाऱ्याला आपण दुरुस्ती केल्याचे समाधान मिळते. त्या दहा सेकंदांत राखून ठेवलेला पत्ता, उघडलेला पोर्ट, डायनॅमिक डीएनएसचे नाव, वायफायचा पासवर्ड आणि कंपनीच्या जोडणीचे नाव-खूण, सगळे कारखान्यातून निघाले तेव्हाच्या कोऱ्या स्थितीत जाते. ही घटना १९ तारखेला घडते. म्हणून राउटरच्या सर्व सेटिंगची एक प्रत फाईल करून ठेवायची सोय असते. ती प्रत लोक त्याच संगणकात ठेवतात.

आता सुरक्षितता. ३३८९ हा पोर्ट जगासाठी उघडा ठेवणे म्हणजे रात्रंदिवस पासवर्ड चाचपून पाहणाऱ्या यंत्रांना आमंत्रण. ही यंत्रे चंदगड कुठे आहे हे विचारत नाहीत; ती पत्त्यांच्या रांगेत एकेक दार ढकलून पाहतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका किड्याने जगभरातले राउटर आणि कॅमेरे लाखांनी ताब्यात घेतले. त्याच्याजवळ कुठली मोठी विद्या नव्हती, कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या गुलाम डब्यांच्या फौजेने केलेल्या हल्ल्यात अमेरिकेच्या पूर्व भागात ट्विटर, नेटफ्लिक्स ही बडी नावे काही तास अडकून पडली. त्यामुळे अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन ही जोडी पहिल्याच दिवशी बदलावी. चंदगडात ती बदलून रवळनाथ१२३ केली जाते. ग्रामदैवतावर श्रद्धा ठेवणे योग्य आहे, पण वायफाय, राउटर, टॅली आणि मोबाईल ही चारही कामे एकट्या रवळनाथावर टाकू नयेत.

पोर्टचा क्रमांक ३३८९ ऐवजी दुसरा दिला की सुरक्षित झालो, ही समजूतही सोडावी. शोधणाऱ्याला थोडा वेळ जास्त लागतो इतकेच. खरा उपाय व्हीपीएन. रिमोट डेस्कटॉपचे दार बाहेर उघडायचेच नाही. व्हीपीएनचे एकच दार ठेवायचे आणि ते नुसत्या पासवर्डाने न उघडता लांबलचक गुप्त किल्लीने उघडायचे. वायरगार्ड हा यातला सुटसुटीत प्रकार मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात घेतला गेला, आणि आता बऱ्याच राउटरांत तयार मिळतो. किल्लीशिवाय कोणी ठोठावले तर तो उत्तर देत नाही. म्हणजे राउटरचा मूळचा गप्पपणा इथे कामाला येतो.

ज्यांना यातले काहीच नको आहे, त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे आणि बहुतेक चंदगडकर शेवटी तिनेच जातात. टीमव्ह्यूअर २००५ मध्ये जर्मनीत निघाले, एनीडेस्क २०१४ मध्ये, तेही जर्मनीतच. यांची युक्ती सरळ आहे: राउटर आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही ना, मग घरच्या संगणकानेच बाहेर जाऊन एका मधल्या ठिकाणी थांबावे, पुण्याचा संगणकही तिथेच येतो आणि दोघांची गाठ पडते. दार उघडायचा, चाळीतून बाहेर पडायचा प्रश्नच उरत नाही. फक्त नऊ-दहा आकडी क्रमांक सांगायचा. गंमत आणि धोका एकाच ठिकाणी आहे. जो क्रमांक बाबा मुलाला सांगतात, तोच ते बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या गोड आवाजालाही सांगू शकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक ताबडतोब लावायचा असतो. मुलाने मॅक अ‍ॅड्रेस विचारला तेव्हा तीन वेळा “कशाला पाहिजे रे?” विचारणारा माणूस अनोळख्याला क्रमांक एका दमात का वाचून दाखवतो, याचे उत्तर मात्र कोणत्याही नियमावलीत नाही.

पत्त्यांची टंचाई मुळातूनच संपवणारा उपायही तयार आहे. पत्ता ठरवणाऱ्या नियमावलीच्या नव्या आवृत्तीत तो १२८ बिटांचा, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये इतके पत्ते. तालुक्यातल्या प्रत्येक काजू बीला स्वतंत्र पत्ता देऊन वर सालींनाही उरतील. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त मोबाईल डेटा देशभर पसरला तो मोठ्या प्रमाणावर याच पत्त्यांवर, आणि आज भारत या बाबतीत जगात आघाडीवर आहे. जिथे कंपनी आणि राउटर दोघेही हा पत्ता देतात, तिथे चाळ मोडते आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचे घर मिळते. राउटरमधली फायरवॉल तिथेही बाहेरच्याला अडवतेच, त्यामुळे परवानगी तिथेही लिहावी लागते. अडचण एवढीच की हा पत्ता ३२ चिन्हांचा असतो, आणि त्यात ई व एफ पुष्कळदा येतात.

चाचणी नेहमी घराबाहेरून घ्यावी. गणपतीला आलेला मुलगा घरच्याच वायफायवर बसून जोडणी तपासतो, ती चालते, आणि तो निश्चिंत मनाने पुण्याला जातो. घरातून घरात जाणे म्हणजे बाहेरून येणे नव्हे, हे त्याला स्वारगेटला उतरल्यावर कळते. फोनचे वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून पाहिले की खरे काय ते समजते. शिनोळीच्या बाजूला असे करताना फोन सीमा ओलांडून कर्नाटकातल्या टॉवरला जाऊन मिळतो, पण चाचणीच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही; उलट ती परराज्यातून झाली असे म्हणता येते.

जोडणी लागल्यावर काम नेहमीसारखेच असते. फक्त छपाई करताना कोणता प्रिंटर निवडला ते पाहावे. पुण्यात बसून दिलेला छपाईचा हुकूम चंदगडच्या प्रिंटरने पाळला, तर रात्री अकरा वाजता बंद कारखान्यात कागद सरसर बाहेर येऊ लागतात आणि राखणीला झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी वेगळे काम सांगावे लागते. काम संपले की विंडोजच्या यादीतून डिस्कनेक्ट निवडावे. सवयीने शट डाउन दाबले, तर संगणक आज्ञाधारकपणे बंद होतो, आणि वीज गेलेली नसल्यामुळे बायोसमधली आपोआप चालू होण्याची खूणही त्याला उठवत नाही. अशा वेळी सकाळी कारखाना कोण उघडणार आहे ते विचारून ठेवावे.